प्रेक्षकांचे वर्गणीदार कसे करावेत: स्वतःचं सबस्क्रिप्शन ॲप काढू पाहणाऱ्यांसाठी

मिरजेच्या एक बाई यूट्यूबवर पेटी शिकवतात. चॅनेलला साठेक हजार लोक जोडलेले आहेत, व्हिडिओखाली कौतुकाचा पाऊस असतो, आणि महिन्याकाठी जाहिरातींतून जे येतं त्यात घरचा किराणाही सुटत नाही. त्यांनी एक दिवस फोन करून मला थेट विचारलं, "स्वतःचं ॲप काढायला किती खर्च येतो?" अशी ॲपं उभी करून देणं हाच माझा व्यवसाय, तरी मी आकडा सांगितला नाही. म्हटलं, "बाई, एक दोनशे पानी वही घ्या. गेल्या सहा महिन्यांच्या कमेंटमधले फक्त प्रश्न तिच्यात उतरवून काढा. कौतुक सोडून द्या."

त्यांनी ते मनापासून केलं. आठवड्याने वही उघडून बसलो तर तेच ते तीन प्रश्न पानापानावर. "माझी पट्टी काळी दोन आहे, हे त्या पट्टीत कसं वाजवू? बोटं कुठे बदलू?" "रोज किती वेळ आणि काय वाजवायचं?" "मी वाजवलेलं बरोबर आहे का, कोण सांगेल?" अमुक गाणं शिकवा म्हणणारे अगदी थोडे होते, आणि बाई दोन वर्षं नेमकी गाणीच शिकवत होत्या. यूट्यूबवर व्हिडिओची लय कमी करता येते, पण पट्टी, म्हणजे 'सा' कुठल्या स्वरावर धरायचा ते, बदलता येत नाही. आज तुम्ही काय वाजवायचं, हेही व्हिडिओ सांगत नाही. ॲपला मात्र ही दोन्ही कामं जमतात. ॲपची कल्पना अशी वहीतून निघाली.

ज्यांच्याजवळ प्रेक्षक आहेत, मग ते पाच हजार असोत की पाच लाख, आणि ज्यांना जाहिरातीपलीकडे नियमित उत्पन्न उभं करायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाहायला-ऐकायला फुकट इतकं आहे की नुसतं बघण्यासाठी कुणी दरमहा पैसे मोजत नाही. आयुष्यात पुन्हा पुन्हा येणारं एखादं काम तुमच्यामुळे सोपं होत असेल, तर मात्र लोक आनंदाने मोजतात. ते काम सापडेपर्यंत ॲपवर एक रुपयाही घालू नका.

वर्गणी आपल्याला नवी नाही

सबस्क्रिप्शन म्हटलं की परदेशी काहीतरी वाटतं. पण 'वर्गणीदार' हा शब्द आपल्या घरांत कित्येक पिढ्या आहे. 'साधना' साप्ताहिक १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू झालं आणि वर्गणीदारांच्या बळावर अजून चालू आहे. मनीऑर्डरने वर्षाची वर्गणी पाठवणारा माणूस आलेल्या अंकाला 'आपला अंक' म्हणायचा. तुम्हाला तसलंच नातं जोडायचं आहे, फक्त पोस्टमनच्या जागी फोन आला आहे.

आणि ते जोडायची गरज का आहे, हे २९ जून २०२० ला दिसलं. त्या दिवशी टिकटॉकवर बंदी आली आणि गावोगावच्या पोरापोरींचे लाखो फॉलोअर रातोरात नाहीसे झाले. त्या लाखांतल्या एकाचाही फोन नंबर कुणाकडे नव्हता. यूट्यूब मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के निर्मात्याला देतं, ही वाटणी वाईट नाही. पण तिथेही प्रेक्षकाशी बोलण्याची वाट यूट्यूबच्याच हाती असते. म्हणून सगळ्यात आधी, ॲपच्याही आधी, एक साधी यादी सुरू करा: नाव आणि ईमेल किंवा व्हॉट्सॲप नंबर, ज्याने स्वखुशीने दिला त्याचाच. या यादीतली शंभर नावं चॅनेलवरच्या दहा हजारांपेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे मी स्वतः बघितलं आहे.

पहिली पायरी: परत परत येणारं काम शोधा

यावर जितका वेळ द्याल तितका थोडाच. बाईंसारखी वही करा. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, हा माणसाला कधी पडतो: रोज, आठवड्याला, महिन्याला, की वर्षातून एकदा?

स्वयंपाकाचं चॅनेल घ्या. दिवाळीचा फराळ वर्षातून एकदा होतो. चकली का बिघडली हा प्रश्न कितीही कळकळीचा असला, तरी त्यावर महिन्याची वर्गणी उभी राहत नाही. "उद्या डब्याला काय देऊ?" हा प्रश्न मात्र रोज रात्री दहाला लाखो घरांत पडतो. आठवड्याचा डब्याचा बेत, त्यानुसार सामानाची यादी, घरात असेल त्या भाजीवरून सुचवलेले पदार्थ, ही वर्गणीची वस्तू झाली. पाककृती त्याच, पण त्यांनी करायचं काम बदललं.

स्पर्धा परीक्षांचं चॅनेल असेल तर रोजच्या चालू घडामोडी आणि वीस प्रश्नांची चाचणी हे रोजचं काम आहे. मात्र परीक्षा झाली की विद्यार्थी जाणार, आणि त्याने जाणंच योग्य. तिथे महिन्याच्या वर्गणीपेक्षा परीक्षेपर्यंतची एकरकमी फी सरळ पडते.

गडकिल्ल्यांचं चॅनेल? मला स्वतःला फार आवडतात ती. पण बहुतेक लोक पावसाळ्यात दोन-तीन ट्रेक करतात, बाकी वर्षभर फोटो बघतात. तिथे माझा सल्ला ॲप नको असाच असतो. नकाशे आणि वाटांची माहिती एकदाच विका, किंवा सहली काढा.

परदेशातल्या मुलांना मराठी शिकवणाऱ्यांकडे मात्र उत्तम संधी आहे, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आहेत. पण आठवड्यातून एकदा भरणाऱ्या शाळेनंतर मधल्या दिवसांत मुलाच्या कानावर किती मराठी पडतं? झोपताना ऐकायची दहा मिनिटांची गोष्ट आणि आजी-आजोबांना व्हॉट्सॲपवर पाठवायचं एक वाक्य, एवढ्यावर रोजची सवय लागू शकते. इथे पैसे आई-बाबा भरतात आणि वापरतं मूल, हे लक्षात ठेवून दोघांसाठी वेगळं बोलावं लागतं.

तुमच्या वहीत रोजचा किंवा आठवड्याचा एकही प्रश्न सापडला नाही, तर इथेच थांबा. एकरकमी विकायचा कोर्स, पुस्तक, कार्यशाळा असे दुसरे मार्ग आहेत आणि ते कमी प्रतीचे नाहीत.

दुसरी पायरी: ॲपशिवाय चार आठवडे चालवून बघा

पेटीच्या बाईंनी एका व्हिडिओच्या शेवटी सांगितलं: चार आठवडे, रोज पहाटे सहाला आजचा रियाज व्हॉट्सॲपवर, तुमच्या पट्टीत, आठवड्यातून एकदा तुमचं रेकॉर्डिंग मी ऐकेन, १९९ रुपये, यूपीआयने. त्रेचाळीस जणांनी पैसे भरले. बाई खट्टू झाल्या, साठ हजारांतले त्रेचाळीसच! मी म्हटलं, आकड्याकडे आत्ता बघू नका, तिसऱ्या आठवड्याकडे बघा. तिसऱ्या आठवड्यात एकतीस जण अजून रेकॉर्डिंग पाठवत होते. एका काकांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर पेटी हातात घेतली होती. ते रोज सहा वाजून पाच मिनिटांनी "बाई, झाला" एवढाच निरोप टाकायचे. चौथा आठवडा संपला तेव्हा त्याच काकांनी विचारलं, "पुढच्या महिन्याचे कुठे पाठवू?"

तो प्रश्न आपणहून आला, तेव्हा आम्ही ॲपचं बोलायला बसलो.

जगातल्या मोठ्या उदाहरणांतही हाच क्रम दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची कायला इट्सिनेस ही व्यायाम शिकवणारी तरुणी. ती इन्स्टाग्रामवर शिष्यांचे आधीचे-नंतरचे फोटो टाकत असे. तिने आधी व्यायामाच्या पीडीएफ पुस्तिका विकल्या. लोक त्या विकत घेतात, पाळतात आणि एकमेकांना सांगतात, हे कळल्यावर २०१५ मध्ये ॲप आलं, तेच पुढे 'स्वेट'. २०२१ मध्ये 'आयफिट' या कंपनीने ते विकत घेतलं आणि २०२३ मध्ये संस्थापकांनी परत मिळवलं. ॲपमध्ये होतं ते पीडीएफचंच पुढचं रूप: आज कोणता व्यायाम, किती वेळ, झाला की खूण.

या चार आठवड्यांत दोन गोष्टी टिपून ठेवा. लोक कुठे अडतात, आणि तुम्ही स्वतः कुठे थकता. बाईंना रोज सहा वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवून पाठवताना हात भरून यायचे. ते काम ॲपने उचललं: एकदा रेकॉर्ड केलेला धडा हव्या त्या पट्टीत ऐकू येतो आणि पडद्यावरच्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याप्रमाणे उजळतात. रेकॉर्डिंग ऐकून दोन शब्द बोलणं मात्र बाईंनी स्वतःकडे ठेवलं, कारण लोक त्यासाठीच थांबले होते.

तिसरी पायरी: फुकट काय, वर्गणीत काय

इथे नवखे लोक घाबरून एक चूक करतात: चॅनेलवरचं चांगलं ते काढून ॲपमध्ये कोंडतात. तसं करू नका. चॅनेल हा तुमच्या घराचा दरवाजा आहे, तो बंद केलात तर नवं माणूस आत येणार कुठून?

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ॲड्रीन मिशलर यांनी २०१२ मध्ये योगाचं यूट्यूब चॅनेल सुरू केलं. त्या दर जानेवारीत तीस दिवसांची योगमालिका आजही फुकट देतात. सशुल्क सभासदांसाठी त्यांचं वेगळं ॲप आहे, जिथे जाहिरातींचा व्यत्यय नाही आणि इतर शिक्षकांचे वर्गही आहेत. फुकटवाल्यांना त्यांनी कधी दुय्यम वागणूक दिल्याचं जाणवत नाही.

दुसरं उदाहरण 'ड्रॉपआउट'चं. अमेरिकेतल्या 'कॉलेजह्यूमर' या विनोदी व्हिडिओ कंपनीने २०१८ मध्ये ही वर्गणीची सेवा काढली. जानेवारी २०२० मध्ये मूळ मालकाने हात काढून घेतला, शंभराहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि तिथलेच सॅम राइश यांनी ती कंपनी विकत घेऊन मोजक्या माणसांनिशी चालवली. लहान तुकडे यूट्यूब-इन्स्टाग्रामवर मोकळे, पूर्ण भाग वर्गणीदारांना. तुकडाही आपल्यापुरता पूर्ण असतो, अर्ध्यात तोडलेला नसतो. बघणाऱ्याला त्यात फसवल्यासारखं वाटत नाही.

बाईंनी वाटणी अशी केली: चाल, शब्द, बोटांची ठेवण हे शिकवणं चॅनेलवर फुकट, रोजचा नेमून दिलेला रियाज, पट्टी बदलण्याची सोय, आणि कुणीतरी ऐकून सांगणं हे वर्गणीत.

चौथी पायरी: कागदावर हिशेब

महिन्याची वर्गणी ९९ रुपये धरू. ॲप जिथून विकलं जातं त्या गूगल-ॲपलच्या स्टोअरचं कमिशन १५ टक्के, म्हणजे जवळपास १५ रुपये. जीएसटी लागू असेल तर १८ टक्क्यांनी ९९ च्या आतले आणखी १५ गेले. हाती उरले ६९ च्या आसपास. तीनशे वर्गणीदार असतील तर महिन्याला वीस-एकवीस हजार. त्यातून सर्व्हरचा खर्च, ॲपची देखभाल, आणि तुमच्या वेळेचं मोल.

हा आकडा वाचून मन खट्टू झालं असेल तर आत्ता झालेलं बरं. वर्गणीदार किती मिळतील हे ठरवताना चॅनेलचा आकडा विसरा आणि चार आठवड्यांच्या प्रयोगात किती जणांनी पैसे भरले, तोच धरा.

वर्षाची वर्गणी जरूर ठेवा. महिन्याला ९९ असेल तर वर्षाला ७९९. आपल्याकडे लोक दरमहा पैसे कापले जाण्याला बिचकतात, पण "एकदाच भरून मोकळं" हे त्यांना पटतं. गुढीपाडवा किंवा दसऱ्याला वार्षिक वर्गणीचं आवाहन केलं तर ते कृत्रिमही वाटत नाही, तसंही या दिवशी आपण नवं काही सुरू करतोच. दोनपेक्षा जास्त योजना मात्र ठेवू नका. सोनेरी, रुपेरी, हिरक असले प्रकार बघून माणूस गोंधळतो आणि निघून जातो.

पाचवी पायरी: ॲप बांधणं

तीन वाटा आहेत. तयार व्यासपीठावर स्वतःच्या नावाचं ॲप घेणं ही पहिली; व्हिडिओंसाठी 'व्हिमिओ', 'यूस्क्रीन', शिकवणीसाठी आपल्याकडचं 'क्लासप्लस' अशा सेवा आहेत. ड्रॉपआउटसारख्या सेवेनेही सुरुवातीला स्वतःचं तंत्र न उभारता व्हिमिओचंच वापरलं. तुमचं काम मुख्यतः व्हिडिओ आणि चाचण्यांचं असेल तर हीच वाट धरा, भरपूर पैसे वाचतील. दुसरी वाट, एखाद्या छोट्या गटाकडून हवं तेवढंच बांधून घेणं. पेटीची पट्टी बदलणं कुठल्याही तयार व्यासपीठावर नव्हतं, म्हणून बाईंना ही घ्यावी लागली. तिसरी, स्वतः शिकून करणं. तुम्हाला कोडिंग येत असेल तरच.

बांधून घेताना पहिल्या आवृत्तीत चार पडद्यांहून जास्त काही नको: आजचं काम, सगळा संग्रह, माझी प्रगती, आणि वर्गणी व खातं. वर्गणीचा तांत्रिक भाग, म्हणजे कुणाची चालू, कुणाची संपली, दोन्ही स्टोअरांवर मिळून, हे स्वतः लिहायला जाऊ नका. 'रेव्हेन्यूकॅट'सारख्या सेवा ते करतात आणि सुरुवातीच्या लहान उलाढालीला पैसे घेत नाहीत.

आता मराठीबद्दल, कारण हे दुसरं कुणी तुम्हाला सांगणार नाही. ॲप हातात आलं की आधी 'कीर्ती', 'दुसऱ्या', 'हृदय' हे शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरात बघा. रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जात असतील तर ओळींतलं अंतर कमी आहे. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का बघा. भाषेचा कोड मराठी ठेवला नाही की कित्येक फाँट हिंदी वळण दाखवतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच खटकतं. शोधताना निम्मे लोक रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा 'dnyaneshwar' च्या धर्तीचं रोमन स्पेलिंग टाकलं तरी ज्ञानेश्वर सापडला पाहिजे. बटणावर 'सबस्क्राइब करा' लिहिलं तरी चालतं, आमच्याकडे 'वर्गणी भरा' लिहिल्यावर साठीच्या पुढच्या लोकांचे "हे काय आहे?" असे फोन थांबले. आणि धडा डाउनलोड करून नेटशिवाय ऐकता आलाच पाहिजे. आपले लोक एसटीत बसून शिकतात.

सहावी पायरी: स्टोअरची दारं

गूगल प्लेवर खातं काढायला २५ डॉलर, एकदाच. ॲपलला ९९ डॉलर, दरवर्षी. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड असतो, म्हणून आधी प्ले स्टोअर, मग आयफोन. प्रेक्षक परदेशातले असतील तर दोन्ही एकदम.

खातं तुमच्याच नावावर काढा. हे मी हात जोडून सांगतो. एका ओळखीच्या कीर्तनकारांचं ॲप बनवणाऱ्याने सोयीसाठी स्वतःच्या खात्यावर चढवलं. पुढे पैशांवरून बिनसलं आणि चारशे वर्गणीदारांची वसुली महिनाभर त्याच्याच बँक खात्यात जात राहिली. ॲप एका खात्यावरून दुसऱ्यावर हलवता येतं, पण त्याला दोन्हीकडची संमती लागते, आणि संमती कधी मिळते ते भांडणात ठरतं. तयार व्यासपीठाच्या साच्यातून बनवलेलं ॲप मजकुराच्या मालकाने स्वतःच सादर करावं, असा ॲपलचा नियमही आहे.

गूगलवर नवं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जण परीक्षक (टेस्टर) म्हणून सलग १४ दिवस जोडलेले हवेत. नवख्यांना हे शेवटच्या आठवड्यात कळतं आणि जाहीर केलेला मुहूर्त चुकतो. तुमच्याकडे चार आठवड्यांच्या प्रयोगातली मंडळी आहेतच, त्यांनाच घ्या. ॲपलला 'जुनी खरेदी परत मिळवा' हे बटण आणि ॲपमधूनच खातं पुसण्याची सोय हवी असते. नसेल तर ॲप नाकारून परत पाठवतात.

कमिशनचं थोडक्यात: गूगलने २०२२ पासून वर्गणीवरचा दर १५ टक्क्यांवर आणला. ॲपलचा मूळ दर पहिल्या वर्षी ३० आणि नंतर १५, पण वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत उलाढाल असणाऱ्यांसाठी २०२१ पासून १५ टक्क्यांची योजना आहे. त्यात आपोआप घेत नाहीत, अर्ज करावा लागतो. दर बदलत असतात, नोंदणीच्या दिवशी स्वतः वाचून घ्या.

सातवी पायरी: हप्ता आणि तो मेसेज

भारतात आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. पहिल्यांदा ग्राहकाची मंजुरी, नंतर १५,००० रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपी नको, पण पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाते. यूपीआय ऑटोपे २०२० मध्ये आलं, त्यामुळे कार्ड नसलेल्यांनाही वर्गणी भरणं जमू लागलं.

ती २४ तास आधीची सूचना नीट समजून घ्या. "उद्या ९९ रुपये कापले जातील" हे वाचून प्रत्येक वर्गणीदार दरमहा एकदा स्वतःला विचारतो, मी हे वापरतो का? बाईंच्या ॲपमधून त्याच्या दोन दिवस आधी एक निरोप जातो: "या महिन्यात तुम्ही १४ दिवस रियाज केलात. भूपमधले अलंकार पूर्ण झाले." खरं असेल तेवढंच लिहायचं. ज्याने दोनच दिवस वाजवलं, त्याला बाई लिहितात: "या महिन्यात जमलेलं दिसत नाही. हवं तर वर्गणी थांबवा, परत याल तेव्हा जिथे सोडलंत तिथूनच सुरू होईल." थांबवलेले बरेच लोक परत येतात, कारण त्यांना जाताना कुणी ओढून धरलं नव्हतं.

वर्गणी बंद करण्याची वाट लपवू नका. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय नियमांत वर्गणीचा सापळा हा ग्राहकाला फसवण्याचाच प्रकार धरला आहे. खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता चुकणं मात्र आपल्याकडे नेहमीचं. हप्ता चुकला तरी वर्गणी चालू राहील असे सवलतीचे काही दिवस ठेवण्याची सोय स्टोअरमध्ये असते, ती चालू करा. पगार उशिरा झाला म्हणून कुणाचा रियाज तुटू नये.

गळती

सुरुवात सगळ्या चॅनेलला सांगून करू नका. पहिल्या पन्नास जणांना बोलवा, त्यातल्या दहांना फोन करा आणि ते ॲप उघडतात तेव्हा कुठे थांबतात ते ऐका. आमच्या लक्षात आलं की लोकांना स्वतःची पट्टीच माहीत नसते! मग पहिल्या पडद्यावर "सा म्हणा, आम्ही पट्टी सांगतो" हे आलं, आणि पहिल्याच दिवशी सोडून जाणारे कमी झाले.

त्यानंतर दर महिन्याला एकच आकडा बघा: शंभरातले किती गेले. दरमहा दहा टक्के गळती असेल तर आज आलेल्या शंभरांतले वर्षाने अठ्ठावीस उरतात. पाच टक्क्यांवर आणलीत तर चौपन्न. नवे आणण्याच्या धडपडीपेक्षा ही पाच टक्के कमी करणं जास्त फळतं. जाणाऱ्याला एका ओळीत कारण विचारा आणि तेही वहीत लिहा. "वेळ मिळत नाही" असं लिहिणाऱ्यांसाठी बाईंनी सात मिनिटांचा रियाज केला, एवढ्याने पुष्कळ जण टिकले.

आणि स्वतःला जपा. दरमहा किती नवं द्याल, ते जमेल त्याच्या निम्म्यानेच जाहीर करा.

कागदपत्रं

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे. परदेशी वर्गणी, स्टोअरमार्फत येणारा पैसा यांचे तपशील वेगळे असतात, सीएकडे सुरुवातीलाच एक तास घालवा. फोन नंबर, ईमेल गोळा करता म्हणजे २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा तुमच्यासाठीही आहे. त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि त्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते.

संगीत, वाचन, गोष्टी अशा क्षेत्रांत हक्कांचं बघा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण एखाद्या आधुनिक संगीतकाराने त्यांना दिलेली चाल त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याची किंवा त्याच्या वारसांची असते. बाईंनी म्हणून वर्गणीतले सगळे धडे रागांवर, अलंकारांवर आणि स्वतः बांधलेल्या चालींवर ठेवले.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, ती म्हणजे ॲप बंद करायची वेळ आली तर काय कराल. आमच्या बाईंच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती आहे. तीन महिने आधी कळवायचं, नव्या वर्गण्या त्याच दिवशी थांबवायच्या, वार्षिक भरलेल्यांचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत, आणि प्रत्येकाला त्याची आजवरची सगळी रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला वेळ. ते पान त्यांनी ॲपमध्येही टाकलं आहे, 'वर्गणी भरा' या बटणाच्या बरोबर खाली.